केबिनीत मोठं कोण

२६ ऑगस्ट १९५६, रविवार. पांढुर्णा

दादा हो म्हणाले! आधी एवढं लिहून ठेवते, उद्या बदलले तर पुरावा राहील.

मोंबासाच्या मुलींच्या शाळेला दोन मास्तरणी हव्यात. सुमनचे मामा तिकडे रेल्वेत आहेत, त्यांनी कळवलं. बोटीचं भाडं शाळेचं. महिनाभर दादांचं नुसतं 'पाहू, पाहू' चाललं होतं. आज जेवताना एकदम म्हणाले, "जाल तर दोघी जाल. एकटीनं कोणी नाही." वहिनीच्या हातातली पळी तशीच राहिली. सु. माझ्याकडे पाहायला लागली, मी वरणाकडे.

तर आम्ही आत्या-भाची जाणार. आत्या मी. वय एकोणीस. भाची सुमन, माझ्याहून दीड वर्षानं मोठी. मी शेंडेफळ, दादा सर्वांत थोरले, त्यामुळे त्यांची मुलगी माझ्याआधी जगात आली. आई गेली तेव्हा मी पाळण्यात होते. वहिनीनं दोघींना एकाच मांडीवर वाढवलं. पण दसऱ्याला सोनं देऊन वाकते कोण? सु.! मान तो मान.

५ सप्टेंबर

गोटमार. आमचं गाव आणि पलीकडचं सावरगाव आज नदीच्या दोन काठांवरून एकमेकांवर दगड फेकणार. सकाळपासून जाम नदीच्या काठाकडे ढोल. आम्ही दार लावून घरात. बोट कंपनीचं पत्र आज यायला हवं होतं, पण आमचा पोस्टमन सावरगावचा, तो टपाल टाकून दगड घेऊन नदीत उतरलेला. डोकं शाबूत राहो त्याचं. निदान पत्रापुरतं तरी.

९ सप्टेंबर, रवि.

पत्र आलं (पोस्टमन धड आहे, अंगठ्याला पट्टी). बोट २७ ऑक्टोबरला मुंबईहून. सोबत फॉर्म आणि एक नियम: केबिनीत आई किंवा बाप नसेल तर निदान एक जण बोटीत चढायच्या दिवशी पुऱ्या एकवीस वर्षांचा हवा. विवाहित स्त्रीला ही अट नाही.

म्हणजे सोळा वर्षांची नवरी चालते, वर्गातली चाळीस पोरं सांभाळणारी मास्तरीण चालत नाही! वहिनीला वाचून दाखवलं. ती म्हणे, "तणतण काहून करून राहिली? लिहून टाक, सोबत सख्खी आत्या आहे म्हणून. आत्या म्हटल्यावर कोन बोलते?"

खरंच की. मोठ्या ठसक्यात लिहिलं, 'कु. सुमन हिची सख्खी आत्या त्याच केबिनीत सोबत राहील.' सु.ची जन्मतारीख मागितली होती. ती वसुबारसेची. भिंतीवरच्या कॅलेंडरात पाहिलं, यंदा वसुबारस ३० ऑक्टोबर. लिहून टाकली. दादा ओसरीवर पेपर वाचत होते.

२१ सप्टें. सौसर

आठवडाभर इथं शिकवायचं, रविवारी घरी. शाळा, खोली, शाळा. वहिनीनं टपाल इकडे पाठवलं. कंपनी विचारते, आत्याबाईंचं वय काय?

दिवसभर मला हसू आवरेना. मग आवरलं. खोटं कसं लिहू? लिहिलं, एकोणीस.

३० सप्टें., रवि. पांढुर्णा

नकार. साहेबांची भाषा गोड, पण नकार तो नकारच. आत्या लहान, भाचीला एकवीस पुरी व्हायला ३० ऑक्टोबर उजाडणार, बोट २७ ची. तीन दिवसांनी हुकलं! पुढच्या बोटीनं गेलो तर? मामांनी आधीच लिहिलंय, शाळा थांबणार नाही, दुसऱ्या दोघी तयार आहेत.

मी ओसरीवर मोठमोठ्यानं बोलले. तीन दिवस, तीन दिवस, म्हणून कपाळ बडवून घेतलं. सु. विहिरीवर जाऊन पाणीच काढत राहिली, हंडे भरले होते तरी. दादा म्हणाले, "होईल ते होईल." आणि चष्मा पुसत बसले.

७ ऑक्टो., रवि.

लोधीखेड्याचे संत्रावाले दिवाळीनंतर सु.ला पाहायला येतो म्हणतात. मुलगा बरा, मळा मोठा. निरोप आणणारे गृहस्थ पोहे खाता खाता म्हणाले, "आता बोटीचं राह्यलंच आहे तर..." मी त्यांच्या पुढ्यातली बशी उचलून आत नेली. अर्धे पोहे बाकी होते. वहिनी रागावली पण हसली.

दुपारी वहिनी आम्हाला जामसांवलीला मारुतीच्या दर्शनाला घेऊन गेली. ही बाई नागपूरच्या पलीकडे कधी गेली नाही. डोळे मिटून किती वेळ उभी! बाहेर आल्यावर मी विचारलं, "लोधीखेड्याचं जमू दे म्हणून मागितलं न?"

"गप. म्या तुम्हा दोघीले बोटीत बसव म्हणून मागितलं."

सु. तिच्या खांद्यावर डोकं टेकून रडली. मग मीही.

१२ ऑक्टो., शुक्र. सौसर. नंतर पांढुर्णा!

अक्षर जाऊ दे खड्ड्यात.

तिसरीचा वर्ग. परवावर दसरा. मागच्या बाकावरची एक पोरगी उभी राहिली, "बाई, मागच्या साली दसरा ऑक्टोबर सरता सरता होता. यंदा एवढा लवकर कसा काय आला?"

मी फळ्यावर चंद्र काढला. सांगायला लागले, आपले सण चंद्रावर चालतात, इंग्रजी तारीख सूर्यावर, म्हणून दसरा दर वर्षी त्याच तारखेला येत नाही, मागेपुढे सरकतो, दिवाळी सरकते, वसुबारस...

खडू हातातच राहिला.

यंदाची वसुबारस ३० ऑक्टोबर. सु. जन्मली त्या वर्षीची कुठे ३० ला होती? मी भिंतीवरचं यंदाचं कॅलेंडर पाहून एकवीस वर्षांपूर्वीची तारीख लिहिली! पोरींना शिकवते मी, आणि स्वतः... पोरी म्हणतात, "बाई, काय झालं?" मी म्हणाले, "पाढे म्हणा." आणि बाहेर येऊन मटक्यातलं गार पाणी प्याले.

संध्याकाळची मोटार धरून घरी. आख्ख्या वाटेत एकच धास्ती, सरकली ती कुठल्या बाजूला? ३० च्या पुढे असली तर आणखीच मेलो.

दादा हेडमास्तर. या गावातल्या निम्म्या पोरांच्या जन्मतारखा त्यांनीच ठरवल्यात. बाप सांगतो, 'पोळ्याच्या चार दिवस आधी झाला जी', दादा त्या वर्षीचं पंचांग पाहून तारीख घालतात. दारातूनच मी ओरडले, "दादा, सुमनची इंग्रजी तारीख काय?"

त्यांनी वर पाहिलं. चष्मा काढला.

"चोवीस ऑक्टोबर."

चोवीस! सत्तावीसच्या आत! सु. चुलीपाशी होती, मी तिला उचलून गरागरा फिरवलं, पिठाच्या हातासकट. वहिनी, "अवो पोरीहो, भाकर जळून राहिली!" जळू दे.

नंतर विचारलं, "मग इतके दिवस बोलले का नाही?"

"मला कोणी विचारलं?" म्हणाले, आणि जळकी भाकर निमूट खाल्ली.

१३ ऑक्टो.

कंपनीला तार ठोकली. नागपूरहून पासपोर्टही आले, अर्ज दादांनीच भरून पाठवले होते. सु.च्या पासपोर्टात २४ ऑक्टोबर. वा!

२० ऑक्टो.

वा कसलं. कंपनी म्हणते, तुमच्या फॉर्मात ३०, पासपोर्टात २४, आणि २४ चं तुम्हाला नकार मिळाल्यावर आठवलं. जागा राखून ठेवतो, पण मुलीच्या वडिलांना घेऊन २६ ला कचेरीत हजर व्हा. साहेबांची खात्री पटली तरच तिकीट.

चोर ठरवलं की आम्हाला! आणि चूक माझी, म्हणून तोंड बंद.

सामान बांधायचं की नाही? वहिनीनं बांधलं. दिवाळीच्या आधीच चकल्या तळल्या. "परत आल्या तर इथंच खाऊ," म्हणे.

२४ ऑक्टो., बुध.

आज निघालो. दादा सकाळी बाजारातून पेढे घेऊन आले. पहिला सु.च्या हातावर ठेवला. मी म्हणाले, "प्रवासाचा?" ते म्हणाले, "हाव, प्रवासाचा."

स्टेशनवर वहिनी माझ्या पाया पडायला वाकली. नणंद ना मी! माझा जीव गेला. मीच तिचे पाय धरले. दोघी वाकलेल्या, डोक्याला डोकं आपटलं. गाडी आली.

२६ ऑक्टो. मुंबई

सगळं लिहिते, एक शब्द सोडणार नाही.

कचेरी बंदराजवळ. साहेब पारशी, म्हातारे, चष्मा कपाळावर. समोर आमचे दोन कागद शेजारी शेजारी. दादा मागे उभे, टोपी हातात.

"हां, बोला. मुलगी एक, जन्म दोन?"

मी घडाघडा बोलायला लागले. तिथी, चंद्र, वसुबारस, गाईची पूजा, माझं कॅलेंडर. मधेच गाईपर्यंत पोचल्यावर साहेबांनी हात वर केला. वाटलं, संपलं. तर ते हसत होते.

"बाई, मला शिकवते काय? आमचा पण वाढदिवस आमच्या पंचांगावर. चार वर्ष झाले की एक दिवस सरकते. माझी बायको एक दिवस धरते, ऑफिस दुसरा. ते कॅलेंडर मला समजते." मग चष्मा डोळ्यांवर आला. "पण कंपनीला एक तारीख पाहिजे. आणि ती चूक करणारीकडून नको. बाप आहे ना?"

दादांकडे वळले. "साहेब, तुम्ही सांगा. पोरगी कधी जन्मली?"

दादांनी हातातली टोपी एकदा फिरवली. कचेरीतला पंखा कुरकुरत होता. मला त्या क्षणी पहिल्यांदा जाणवलं की सगळं यांच्या जिभेवर आहे. एवढं 'मला नक्की आठवत नाही' म्हटलं की आम्ही परतीच्या गाडीत, दिवाळीनंतर लोधीखेडा. सु. त्यांच्याकडे पाहत नव्हती, टेबलाकडे पाहत होती.

"चोवीस ऑक्टोबर, पस्तीस," दादा म्हणाले. "सकाळी. सुईण बाहेर येईस्तोवर मी दारात उभा होतो. गाई चरायला चालल्या होत्या."

साहेबांनी शिक्का उचलला आणि हाणला. काय आवाज झाला! असा गोड आवाज मी उभ्या जन्मात ऐकला नाही.

पण एक राहिलं. फॉर्मात एक ओळ होती, केबिनीतली जबाबदार प्रौढ व्यक्ती. साहेबांनी लिहिलं, सुमन. तिच्या देखरेखीखाली: कुसुम. म्हणजे मी!

"लहान आत्या, मोठी भाची," साहेब म्हणाले. "बोटीवर कोण कोणाचं ऐकणार?"

"मी आत्या आहे," मी म्हणाले.

"बाई, बोटीवर नाही."

बाहेर रस्त्यावर आल्या आल्या सु. म्हणाली, "कुसुम, पदर सावर, ट्राम येऊन राहिली." कुसुम! नुसतं कुसुम! दादा खो खो हसले. त्यांना असं हसताना कधी पाहिलं होतं, आठवत नाही.

२७ ऑक्टो., शनि. बोटीवर

सुटली! सुटली बोट! धक्क्यावर दादा टोपी हलवत होते. मी ओरडून ओरडून घसा बसवला. समुद्र एवढा असतो हे शाळेत शिकवत होते, माहीत कुठे होतं. आता शिकवेन तेव्हा खरं शिकवेन.

केबिनीत दोन बाकं, एकावर एक. वरचं सु.नं घेतलं. "जबाबदार व्यक्ती वर," म्हणे. घे बाई.

२९ ऑक्टो.

दोन दिवस आडवी. काही राहिलं नाही पोटात. सु. ठणठणीत, मला लिंबू देते, दटावते, कपाळाला हात लावून पाहते. वहिनीचाच हात. मुकाट ऐकते आहे. बोटीचा नियम.

३० ऑक्टो. वसुबारस

बरी आहे. चकली खाल्ली. गाय नाही, अंगण नाही. सु.ला ओवाळलं, वाटीत कुंकू, काडेपेटीची एक काडी हेच निरांजन, आणि ती केबिनवाल्यानं 'नो, नो' करत विझवली. खूप हसलो. तिथीनं आज एकवीस. ती वाकली, मी आशीर्वाद दिला. आज नियम माझा.

मग ती खालच्या बाकावर माझ्याशेजारी बसली. म्हणाली, "आत्या, एक सांगू? बाबा दर वर्षी दिवाळीच्या आसपास एक दिवस माझ्या हातावर पेढा ठेवायचे. मला एकटीलाच. कधी वसुबारसेच्या आधी, कधी नंतर. मला वाटे, असंच, मनात आलं म्हणून. परवा पासपोर्ट पाहताना ध्यानात आलं."

चोवीस तारखेचा पेढा. दर वर्षी.

म्हणजे मी ओसरीवर तीन दिवस, तीन दिवस करून कपाळ बडवत होते तेव्हा, ते चष्मा पुसत होते तेव्हा त्यांना चोवीस ठाऊक होती, आणि सांगितली नाही.

मला राग यायला हवा होता. आला. मग त्यांचा कचेरीतला चेहरा आठवला, गाई चरायला चालल्या होत्या म्हणाले तो. राग टिकला नाही.

१ नोव्हेंबर. समुद्रात

बोटीच्या रेडिओवर सांगितलं. आजपासून नागपूर मुंबई राज्यात, आमचं पांढुर्णा-सौसर नव्या मध्य प्रदेशात, राजधानी भोपाळ. घर जागेवर, मोहल्ला जागेवर, नागपूर तेवढं दुसरीकडे गेलं. पत्त्यावर मध्य प्रदेश आधीही होतं, आताही आहे, पण ते हे नव्हे. दादांना मुलांना नवा नकाशा शिकवावा लागेल.

त्यांनाच पत्र लिहितेय. तीर्थरूप दादांस सा. न. बोट चांगली. जेवण मिळमिळीत. मला बोट लागली होती, आता बरी. सुमन ठीक, फार हुकूम सोडते. समुद्र कसा दिसतो ते दोन पानं लिहिलं, त्यांनी कधी पाहिला नव्हता, धक्क्यावर पाहिला तेवढाच. दोन वर्षांनी येऊ तेव्हा दोघी मिळून त्यांना नि वहिनीला कुठल्या तरी किनाऱ्यावर नेऊ, असंही लिहिलं.

खाली थोडी जागा उरली. तिथं लिहिलं, दादा, एक विचारू का?

सु. वरच्या बाकावरून वाकून वाचत होती. म्हणाली, "आत्या, नको न. तू विचारलं तर ते खरंच सांगतील."

पत्र मोंबासाला उतरल्यावर टाकायचं आहे. पाकीट अजून चिकटवलं नाही.