गाडीतलं सांगली केंद्र

ब्रेडा, १२ ऑक्टोबर २०२०

तीर्थरूप बाबांना मृदुलाचा नमस्कार.

आम्ही दोघं ठणठणीत आहोत. ऑफिस घरूनच चालतं. बाजारहाटासाठी एक जुनी गाडी घेतली, पण तिचा रेडिओ मुका होता. तुम्ही सुचवलेला उपग्रहाचा रेडिओ इथे मिळत नाही. म्हणून मोबाईलला जोडला की दूरची केंद्रं ऐकवणारा रेडिओ आणला आणि तुमच्यासारखा स्वतःच बसवला. अभिराम टॉर्च धरून होता. "एक वायर उरली," तो म्हणाला, "सासरेबुवांना विचार." मी ती डॅशबोर्डमागे खोचून दिली.

शनिवारी दुपारी पहिल्यांदा सांगली लावलं. तिकडे संध्याकाळचे सात. श्रोत्यांची पत्रं वाचत होते. तिसरं पत्र तुमचं निघालं. "दिनकर आठल्ये, विश्रामबाग" ऐकून मी आनंदाने हॉर्नच वाजवला. मग निवेदिकेने पुढे वाचलं, "करोनामुळे अकरा दिवस इस्पितळात होतो. उशाशी तुमचा आवाज होता. आता घरी आलो, बरा आहे."

त्या अकरा दिवसांत तुमचा फोन दुरुस्तीला गेला होता म्हणे.

अभिराम म्हणाला, "अगं, शेवटचं वाक्य ऐक. बरे आहेत." तेच मनात घोळवते आहे. खोकला गेला का? डबा कोण देतं? एवढ्यात जिना चढू नका.

रेडिओ स्वच्छ लागतो, खरखर अजिबात नाही. यापुढे तब्येतीचं पत्र आधी मला पाठवा, आकाशवाणीला नंतर. तोवर दर शनिवारी मी गाडीत ऐकत बसणार आहे.

तुमचीच,
मृदुला