पऱ्हाटीचा वाटा

११ फेब्रु.
बातमी पहिल्या पानावर, माझ्या नावासकट. ‘टाकाऊ पऱ्हाटी राखणार घरं गार.’ कापूस वेचून झाला की शेतात ज्या वाळक्या काड्या उभ्या राहतात, त्यांतून कॉलेजच्या शेख मॅडम इतके बारीक तंतू काढतात की आमच्या संस्कृत दर्शनांतल्या वैशेषिकांना परमाणू पुन्हा मोजायला बसावं लागेल. तंतूंचा फेस करायचा, तो सुकवायचा, की पांढरी लादी. हातावर घेतली तर हात रिकामाच वाटतो. कॉलेजच्या गच्चीवर पत्र्याच्या दोन खोल्या. एकीला आतून ही लादी, दुसरी आतून उघडी. उघडीत मी भाजून निघालो. लादीच्या खोलीत बसून सावकाश टिपणं काढली.

१३ फेब्रु.
फोनवर फोन. हर्सूलच्या नव्या वस्तीतून एक जण: “साहेब, पत्र्याखाली लेकरं शिजायलीत. ती लादी कुठं भेटते?” म्हटलं, लवकरच. बातमीतही तेच लिहिलंय. मॅडम म्हणाल्या होत्या, “देखेंगे, सर. अजून ओलाव्याचं बघायचंय, आगीचं बघायचंय. वर्षं लागतील.” ती ‘वर्षं’ जागेअभावी गाळली.
जागा होती.

२० फेब्रु.
गावी, खुलताबादच्या पलीकडं. शेत धाकटा भाऊ रावसाहेब बघतो. बांधावर पऱ्हाटीची गंजी, वर नवी कोरी ताडपत्री.
“ही कुणासाठी रे?”
“कुणासाठी म्हंजी? तुझ्या कंपनीसाठी. पेपरात तूच लिहिलंस ना, दादा?”
सांगितलं, कंपनी नाही. एक मॅडम आहेत, त्यांना पोतंभर पुरतं. तो हसला. “सुरुवातीला असंच म्हणतेत.”
आमच्याकडं आजीच्या काळापासूनची रीत: पऱ्हाटी उपटणाऱ्या बायांना मजुरी थोडी, पण पऱ्हाटी त्यांची. भारे बांधून न्यायच्या, पावसाळाभर चूल चालायची. यंदाही मथुराबाई आणि तिच्या सुनांनीच उपटली. मजुरी तेवढीच दिली. पऱ्हाटी नाही.
आमच्याही घरात गॅस आला तो मी शहरात गेल्यावर. पऱ्हाटीवरच्या भाकरी खाऊन अमरकोश पाठ केला आणि ‘टाकाऊ’ लिहिताना हात जरासुद्धा अडखळला नाही.

२१ फेब्रु.
मथुराबाईकडं गेलो. मेंढ्या गेल्या दुष्काळात विकल्या. गाय चारा छावणीत, म्हणजे शेणही छावणीत. गॅसची टाकी आहे. रिकामी, वर पिठाचा डबा ठेवलाय. चुलीत मेंढ्यांच्या वाड्याचा, काठ्या विणलेला कूड जळत होता. एक बाजू संपलीय.
मी खिशात हात घातला.
“ठिवा, भाऊ. इकत घ्यायचं आस्तं तर उपटायला कशाला गेलो आसतो? कामाचा वाटा हाय त्यो.”
मग चहा केला. त्याच कुडाच्या काठ्यांवर. नको म्हणता येईना.
“लई मोठं छापलंय म्हणं तुमचं नाव,” ती म्हणाली. टोमणा असता तर बरं झालं असतं. तिला खरंच कौतुक होतं.

१ मार्च
संपादकांपुढं दुरुस्तीच्या चार ओळी ठेवल्या. “अहो शास्त्रीबुवा, दुष्काळात एक चांगली बातमी लागली, तिच्यावर तुम्हीच पाणी ओतता? तेही टँकरचं?” सगळे हसले. मीही हसलो. कागद खिशात घालून परत आलो. आग्रह धरला नाही.
घरी बायको सुमन म्हणाली, “तिथं बोलायचं ते इथं मला ऐकवून काय उपयोग?” हिला संस्कृत येत नाही हे माझं नशीब, नाहीतर सूत्रंच रचली असती.

५ मार्च
शेवटी गावात पारावर उभा राहिलो. सांगितलं, पऱ्हाटी कुणी विकत घेणार नाही, बातमी मी फुगवली, बायांचा वाटा बायांना द्या. एवढं साधं मराठी मी आयुष्यात बोललो नव्हतो.
मग शेजारच्या मळ्यातला दगडू:
“भाव पाडायला धाडलंय व्हय यान्ला?”
एकच हशा.
घरी येताच रावसाहेबानं दार लोटून घेतलं. मग, “चार लोकांत माझी लाज काढलीस, दादा. आता दिली तर मीच येडा ठरतो.”
निघताना पाहिलं, आणखी गंज्यांवर ताडपत्र्या चढत होत्या. मथुराबाई पाराच्या कडेला उभी होती, तिनं ऐकलं सगळं. मी तिच्याकडं न बघता एस.टी. गाठली.

८ मार्च
सकाळी सुमनची हाक: “खाली बघा, कोण आलंय!”
फाटकात ट्रॅक्टर. ट्रॉलीभर पऱ्हाटी, दोरानं आवळलेली. वर दगडू.
“भाऊ, तुमी पारावर नाय नाय म्हणलात तवाच वळखलं, गिऱ्हाईक हाय. म्हणलं, समद्यांच्या आदी आपणच पोचावं. भाव तुमी द्याल त्यो.”
“उपटली कुणी ही?”
“बायांनी. का वं?”
सोसायटीचे चेअरमन खिडकीतून ओरडत होते, गाड्या अडल्यात. घ्यावी आणि मथुराबाईच्या दारात ओतावी, असं क्षणभर वाटलं. पण ही भलत्याच कुणाच्या तरी चुलीची. आणि मी घेतली, की पारावर बोललो ते सगळं खोटं. उद्या दहा ट्रॉल्या निघतील. नाही घेतली, तर हा परत नेऊन ताडपत्रीखालीच घालणार.
“बोला की भाऊ, कुठं उतरवू?”
‘चप्पल घालून येतो’ असं सांगून वर आलोय आणि हे लिहीत बसलोय. सुमन दारात चप्पल घेऊन उभी आहे. खाली इंजिन चालूच आहे.