तिसरं दार

जहाजावरून,
६ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

सुखरूप पोचलो. बाबांना आधी एक गोष्ट सांग, म्हणजे त्यांचा चेहरा खुलेल. बदली ज्या जहाजावर झाली आहे ना, ते त्यांचंच जहाज निघालं. नऊ वर्षं ते ज्या इंजिनापाशी उभे राहिले, तिथे आता मी उभा राहतो. आता बाहेरून नवा रंग दिलाय, आत सगळं तेच आहे.

इंजिन दोन मजले उंच आहे. तळाशी ओळीने सात लोखंडी दारं आहेत. दारं म्हणजे झाकणंच, सहा-सहा बोल्टांनी बसवलेली, पण सगळे दारंच म्हणतात. प्रत्येकामागे एक बेअरिंग तेलात फिरत असतं. ते तापलं की तेलाचं धुकं होतं आणि ते ओळखणारी एक घंटा वाजते. मी आल्यापासून ही घंटा दोनदा वाजली. दोन्ही वेळा चीफ इंजिनिअरनी इंजिन बंद करून लगेच दार उघडून पाहिलं, आत काही नव्हतं. ते म्हणतात, धुकं ओळखणारी काच ओली होते आणि घंटा उगाच वाजते, बाकी काही नाही. माणूस फार चांगला आहे गं. पुढच्या महिन्यात त्यांना सुटी आहे, म्हणून सारखे दिवस मोजतात.

हे पत्र बाबांना सगळं वाचून दाखव. बोलता येत नसलं तरी ऐकू तर येतंय. औषध वेळेवर दे आणि त्यांच्यावर चिडू नकोस, मी तुला ओळखतो.

माया पातळ होऊ देऊ नकोस, इतकंच मागणं.
तुझा धाकटा

घरून,
१९ जानेवारी

चि. ठोंब्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र वाचून दाखवलं. तुझं जहाज ऐकून बाबा डाव्या हाताने माझा हात दाबत राहिले. घंटेचं वाचलं तेव्हा मात्र उठून बसले. झटका आल्यापासून त्यांच्या तोंडात "हं" आणि "पाणी" एवढेच दोन शब्द उरले होते. त्या दिवशी तिसरा आला, दार. मला इतका आनंद झाला की मी शेजारच्या डॉक्टरांना बोलावून आणलं.

आनंद आठवडाभर टिकला. आता काय करतात, तर मी स्वयंपाकघरात गेले की बाहेरून दार ओढून घेतात, कडी लावतात आणि दाराला पाठ लावून घड्याळाकडे बघत बसतात. मोठा काटा अर्धा फिरला की दाराला हाताची मागची बाजू लावून बघतात आणि मगच उघडतात. परवा आत दूध उतू गेलं, बाहेर हे पहारा देताहेत. मी हसावं की रडावं, सांग. मला वाटतं तुझी वाट बघतात. दारातून तू येशील असं काहीतरी डोक्यात बसलं असावं. शेवटी सुताराला बोलावून कडीच काढून टाकली. बाबा दिवसभर जेवले नाहीत. मलाही वाईट वाटलं, पण दुसरा काय इलाज होता?

वेळेवर जेव. आठवण ठेव, तेवढंच पुरे.
तुझी ताई

जहाजावरून,
२० जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र अजून हाती आलं नाही. मीच पुढचं लिहितो.

काल दारं घासून पुसत होतो. तिसऱ्यावरचा तेलाचा थर खरवडला तर खाली पिवळ्या रंगाचा गोल निघाला. पाहताक्षणी ओळखला. बाबा माझ्या गणिताच्या वहीत काढायचे, अगदी तसाच, वरच्या बाजूला जरा चेपलेला. शाबासकीचा गोल. एवढं बरं वाटलं म्हणून सांगू, पाठीवर हात ठेवल्यासारखं.

घंटा आता दिवसाआड वाजते. तिसरं दार बाकीच्यांपेक्षा कोमट लागतं असं मला वाटतं, पण बाबांनी ते तपासून ठेवलंय म्हटल्यावर मी चीफना काही बोललो नाही. इंजिनाच्या पुस्तकात लिहिलंय, घंटा वाजली की इंजिन बंद करून निदान अर्धा तास दाराला हात लावू नये. चीफ म्हणाले, पुस्तक लिहिणारा खुर्चीत बसलेला होता, त्याला कुठे मागून कप्तानाचे फोन येत होते. ते हसले, मीही हसलो. पण रात्री पुस्तकातलं ते पान पुन्हा काढून वाचलं.

बाबांना नमस्कार. लोभ आहे तसाच राहू दे.
तुझा धाकटा

घरून, तातडीने,
२ फेब्रुवारी

चि. ठोंब्यास आशीर्वाद.

हे उभ्या उभ्या लिहिते आहे. अरे, तो गोल शाबासकीचा नाही. बाबा बरोबर उत्तराला टिंब द्यायचे, गोल चुकलेल्याला. तुझ्या वहीत पानभर गोलच असायचे, म्हणून तुला ती शाबासकी वाटत आली. आईने कधी तुझा गैरसमज दूर केला नाही आणि मीही हसत राहिले. आज त्या हसण्याची लाज वाटते.

आणि तो अर्धा तास. तुझ्या पत्रात वाचला आणि मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. बाबा तेव्हा रोज मला तेच दाखवत होते. दार लावायचं, अर्धा तास थांबायचं, हात लावून बघायचं आणि मगच उघडायचं. मी त्यांची कडी काढून टाकली.

इंजिनातलं मला काही कळत नाही, पण बाबांचा गोल कळतो. तिसऱ्या दारापासून लांब राहा. चीफना हे पत्र दाखव. हसले तर हसू देत.

ताई

बंदरातल्या दवाखान्यातून,
१७ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

अक्षर जहाजावरच्या स्वयंपाक्याचं आहे, मी सांगतोय. माझे दोन्ही हात बांधलेले आहेत. भाजले आहेत, पण बोटं राहतील म्हणतात. बाबांना हे आधी सांग.

तुझी दोन्ही पत्रं अकरा तारखेला सकाळी एकदमच मिळाली. वाचली, खिशात ठेवली. चीफ कामात होते, जेवताना दाखवू म्हटलं. बंदर सोडून दोन तास झाले आणि घंटा वाजली. इंजिन बंद केलं. वारा जहाजाला खडकांकडे ढकलत होता, वरून फोनवर फोन. चीफनी तिसरं दार उघडायला सांगितलं. ताई, पत्र खिशात होतं आणि तरी मी पाना लावला. कुणी सांगितलं की हात चालायला लागतात, तशी सवयच लागलेली. सहापैकी चार बोल्ट मी सोडले. पाचव्याला तो पिवळा गोल डोळ्यासमोर आला आणि मी थांबलो.

मग चीफना सगळं सांगितलं. बाबा, कडी, घड्याळ. या वेळी ते हसले नाहीत. म्हणाले, वर जा आणि कप्तानाकडे समोरासमोर अर्धा तास माग, फोनवर ते ऐकायचे नाहीत. मी गेलो. कप्तान नांगर टाकायला तयार झाले, हो म्हणाले. तो होकार घेऊन मी जिना उतरत होतो, तेवढ्यात खालून जाळ आला. उरलेले दोन बोल्ट चीफनी सोडले होते. आत तापलेलं धुकं होतं, त्याला हवा मिळाली. मी त्यांना ओढून वर आणलं, पण ते गेले.

त्यांनी मला वर पाठवलं ते मी अडथळा होतो म्हणून, की मी वाचावं म्हणून, ते आता कोण सांगणार? त्यांनी दोनच सोडले. चार माझे होते.

सुताराला बोलाव आणि कडी परत बसव.
तुझा धाकटा

घरून,
२८ फेब्रुवारी

चि. ठोंब्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

कडी बसवली. बाबांनी दोनदा लावून पाहिली.

तुझं पत्र त्यांना वाचून दाखवलं. एकही ओळ गाळली नाही. संपल्यावर त्यांनी ते मागून घेतलं आणि खुणेने पेन्सिल मागितली. डाव्या हाताला पेन्सिलीची सवय नाही, एवढ्याशा कामाला बराच वेळ लागला. तुझ्या चार बोल्टांभोवती त्यांनी गोल काढला. मी म्हटलं, बाबा, आता पुरे, तो आधीच खचलाय. त्यांनी ऐकलं नाही. पुढच्या ओळीवर गेले, पाचव्यापाशी, तू थांबलास त्या जागी. तिथे पेन्सिल इतकी दाबली की कागद फाटला.

नीट बघ, ते भोक नाही, टिंब आहे. तोच कागद सोबत पाठवते आहे. हात मोकळे झाले की उघड.

वाट बघतो आहोत, दोघंही.
तुझी ताई