खिडकीपाशी पाहिलेला रंग

१४ नोव्हेंबर

प्रिय चिमणे,

पत्र मिळालं. गुडघा दुखतो म्हणतेस आणि जिने चढतेस. कर काय करायचं ते. मी ठणठणीत आहे.

काल जुन्या विद्यार्थ्यांनी कॉलेजात बोलावलं होतं. शवविच्छेदनाची खोली आता दिव्यांनी लखलखते. आमच्या वेळी दोन टेबलं, गळका नळ आणि एक मोठी खिडकी. सर म्हणायचे, "बाई, दिवा खोटं बोलतो. रंग खिडकीपाशी पाहा." एकदा थंडीत एक जोडपं आलं. अंगावर ओरखडा नाही. सगळे म्हणाले, विष. सरांनी टेबल खिडकीकडे ढकलायला लावलं. नखं गुलाबी, जित्या माणसाहून गुलाबी. बंद खोलीतली कोळशाची शेगडी. त्या वायूला ना रंग, ना वास. आमचा शिपाई म्हणाला, "मेल्यावर बरी तुकतुकी आली की!" सर हसले नाहीत, पण मिशी हलली.

घरी आले की तू मला दोनदा हात धुवायला लावायचीस, तेही उंबऱ्याबाहेर. काय आवाज होता तुझा!

आणि आता पत्रात परत तेच. "त्या सकाळी मी भांडले नसते, तर ह्यांचं हृदय बंद पडलं नसतं." एकतीस वर्षं तू आवाज चढवला नाहीस. नातवालाही रागावत नाहीस.

ऐक आता.

न्हाणीघरातला गॅसचा गीझर मी दिलेला. वारा येतो म्हणून कुरकुरलीस, तेव्हा झरोक्याला पुठ्ठा मीच ठोकला, चार खिळ्यांनी. वर्गात पोरांना हेच शिकवणारी मी. त्या सकाळी धावत आले, तर भावोजींना न्हाणीघरातून काढून खिडकीपाशी पलंगावर निजवलेलं. मी त्यांचा हात हातात घेतला. तुला वाटलं, ताई रडतेय. मी नखं पाहत होते.

तुमच्या डॉक्टरांनी बाजूला घेऊन विचारलं, "मॅडम, शवविच्छेदन करायचं का? तुम्ही म्हणाल तसं."

मी म्हटलं, "गरज नाही. हृदयच."

मग आत जाऊन पुठ्ठा उपटला आणि खिळे पर्समध्ये टाकले. गीझर त्याच आठवड्यात नेला. तुला तो बघवणार नाही म्हणून नेला, असं समजून तू माझे आभार मानलेस.

भांडणाने माणूस मरत नाही, चिमणे. मरत असता तर आपल्या घरात कुणी उरलं नसतं.

खिळे या पत्राच्याच पाकिटात आहेत. रविवारी सकाळच्या गाडीने येते. दार उघडायचं की नाही, ते तू ठरव. उघडलंस तर मात्र आधी ओरड, जुन्या आवाजात.

उंबऱ्याबाहेर उभी राहणारी,
ताई