पायऱ्यांच्या समितीवरची चार वर्षं

सोमवार, सकाळ

प्रिय हेडमास्तर,

(आता तू आपल्या डॉक्टर संघटनेचा अध्यक्ष आहेस, तेव्हा 'माननीय अध्यक्ष महोदय' असं लिहायला हवं, हे मला कळतं. तसं लिहूनही पाहिलं. पण ज्या माणसाने वसतिगृहात अंघोळीचं वेळापत्रक करून भिंतीला चिकटवलं आणि पहिल्याच दिवशी स्वतःची वेळ संपली म्हणून अंगाला साबण तसाच ठेवून बाहेर आला, त्याला महोदय म्हणताना हात चालेना.) तुला सप्रेम नमस्कार, वहिनींना त्याहून जास्त. तुझा रक्तदाब कसा आहे ते कळव, पण वहिनींच्या अक्षरात कळव. तू स्वतः सांगतोस तेव्हा दहा-वीस आकडे गिळतोस. वहिनींचा डावा गुडघा पायऱ्या चढताना दुखतो की उतरताना, तेही विचारून ठेव. दोन्हींत फार फरक आहे. माझं म्हणशील तर मी उत्तम आहे. दोन दाढा गेल्या, पण आता चावण्यासारखं उरलंय काय?

पत्राचं कारण तुला ठाऊक आहेच, कारण मला आलेल्या नोटिशीची प्रत तुलाही आली आहे. आपल्या नव्या सचिवबाईंनी (आपल्या मुलींच्या वयाच्या आहेत, पण 'खुलासा' हा शब्द असा लिहितात की आपणच त्यांची मुलं वाटावं) माझ्याकडून सात दिवसांत उत्तर मागितलं आहे. प्रश्न सरळ आहे. गोंगाट नियंत्रण समितीवर संघटनेने मला चार वर्षांपूर्वी नेमलं. ती समिती आता लिहिते की आपला प्रतिनिधी आम्ही आजवर पाहिलेलाच नाही. मग मी दर वर्षी संघटनेला जे अहवाल पाठवले, ते कसले? मुलगी हुशार आहे. आपण दोघं मिळूनही हे कधी विचारलं नसतं.

सगळं हात धुण्यापासून सुरू झालं. आपल्या कार्यकारिणीत 'बाहेरच्या समित्यांवर प्रतिनिधी' हा विषय नेहमी चहाच्या आधी येतो, आणि त्या क्षणी जो खोलीत नसेल त्याची एकमताने निवड होते. त्यामुळे अनुभवी मंडळी त्या वेळी खुर्चीला चिकटून बसतात. आपले मूत्रविकारतज्ज्ञ कितीही निकड असली तरी उठत नाहीत, आणि दवाखान्यात मात्र रुग्णांना 'रोखून धरू नका' म्हणून बजावतात. मी फक्त हात धुवायला गेलो होतो. पण छत्तीस वर्षं हाडं जोडलेला माणूस हात धुतो म्हणजे कोपरापर्यंत धुतो, नखं, बोटांच्या फटी, सगळं, आणि मग हात वर धरून पाणी निथळेपर्यंत थांबतो. निवृत्तीला दोनच महिने झाले होते, सवय कुठे जाणार? कोपरं वर धरून, दार खांद्याने ढकलून आत आलो तर टाळ्यांचा कडकडाट. मला वाटलं, निवृत्तीचा सत्कार आहे. मी वाकून आभारही मानले. मग कळलं. हाडांच्या डॉक्टरचा गोंगाटाशी संबंध काय, असं मी विचारलं, तर तू म्हणालास की हातोडी आणि छिन्नी घेऊन काम करणारा दुसरा डॉक्टर दाखव. सगळे हसले. मीही हसलो, कारण हात अजून ओले होते आणि दुसरं काही करता येत नव्हतं.

समित्यांची ती इमारत तू पाहिलेली नाहीस. लांबलचक बोळ, दोन्ही बाजूंना सारखी दारं, दारांवर पाट्या नाहीत, नुसते टाचणीने लावलेले कागद, आणि बोळाच्या टोकाला कायम उघडी खिडकी. वारा आला की कागद उडतात, आणि शिपाई ते गोळा करून हाताशी येईल त्या दाराला लावतो. मी माझ्या समितीचा कागद नीट वाचून आत शिरलो, यात माझी काही चूक नाही. हजेरीच्या वहीत 'वैद्यकीय प्रतिनिधी' असा रकाना होता आणि मागची कित्येक पानं तो कोराच होता. (त्या समितीने संघटनेकडे डॉक्टर मागितला होता आणि आपण सहा वर्षं उत्तरच दिलं नव्हतं, हे मला मागाहून कळलं.) मी सही केली. टेबलाभोवतीची माणसं उठून उभी राहिली. अध्यक्षांनी, म्हणजे एका निवृत्त इंजिनिअरने, माझा हात दोन्ही हातांत धरून म्हटलं, "आलात एकदाचे!" इतक्या जिव्हाळ्याने माझी वाट कुणी पाहिल्याला बरेच दिवस झाले होते. शंका यायची तरी कुठून?

पहिले दोन तास सार्वजनिक इमारतींतल्या जिन्यांवर चर्चा झाली. पायरी किती उंच, किती रुंद, कठडा कुठे. मी मनाशी म्हटलं, हे लोक पावलांच्या आवाजापासून सुरुवात करताहेत, मग हळूहळू भोंगे, कारखाने वगैरेंवर येतील. पद्धतशीर माणसं आहेत. शेवटी मला मत विचारलं. मी घसा साफ केला आणि सांगितलं की प्रत्येक पायरीच्या कडेला खरखरीत रबराची पट्टी बसवावी, म्हणजे बुटांचा खाडखाड आवाज कमी होईल. मग गवंड्यांच्या संघटनेकडून आलेले मिस्त्री म्हणाले, "आणि माणूस घसरायचाही नाही. आवाजाचं आमच्या ध्यानातच आलं नव्हतं बघा." ठराव तिथल्या तिथे मंजूर. माझं एकही निदान उभ्या आयुष्यात इतक्या चटकन कुणी मान्य केलं नव्हतं.

अडचण होती ती आपल्या नियमाची. प्रतिनिधीने स्वतःचं मत सांगायचं नाही, संघटनेचं सांगायचं. मी इमानेइतबारे संघटनेला पत्रं लिहिली: कठडा एका बाजूला पुरे की दोन्ही बाजूंना हवा? उत्तर नाही. स्मरणपत्रं लिहिली. त्यांनाही नाही. मग मी एक पद्धत काढली. प्रश्न आला की "संघटनेशी बोलून येतो" म्हणून बोळात जायचं, त्या उघड्या खिडकीशी उभं राहून दोन मिनिटं विचार करायचा, आणि परत येऊन संघटनेचं ठाम मत सांगायचं. एकदा तर आत येऊन सांगितलं की संघटनेत थोडे मतभेद आहेत. (खरंच होते. माझंच मला पटत नव्हतं.) ज्येष्ठ नागरिकांच्या वतीने एक निवृत्त शिक्षिका येतात, एक्याऐंशी वर्षांच्या, सगळे त्यांना बाईच म्हणतात. त्या कौतुकाने म्हणाल्या, "तुमची संघटना फार विचारी आहे हो." तू तिथे असतास तर तुझी छाती फुगली असती.

दुसऱ्या वर्षी आम्ही शहरातले जिने मोजायला निघालो. पहिलाच जिना वाचनालयाचा. मी वही घेऊन सगळ्यांच्या पुढे, ऐटीत. अकराव्या पायरीवर पाय अडखळला आणि मी बाराव्या पायरीला लोटांगण घातलं. मिस्त्रींनी आधी टेप काढली, मग मला उठवलं. अकरावी पायरी अर्धं बोट उंच निघाली. ते म्हणाले, "पहिल्या दोन पायऱ्यांत पाय उंची शिकतो, डॉक्टर. पुढे तो डोळ्यांना विचारत नाही. मधेच एखादी वर गेली की फसतो बिचारा." मी कोपर चोळत तिथेच बसून राहिलो. किती खुबे बसवले असतील रे मी! प्रत्येक आजी, प्रत्येक आजोबा मला हेच सांगायचे, काय झालं कळलं नाही, पाय चुकला. आणि मी कागदावर लिहायचो, 'वयोमानामुळे पडणे'. त्यांचं वय चुकलं नव्हतं, जिना चुकला होता. मी हाडं बघितली, जिना बघायला एकदाही गेलो नाही. याची मला लाज वाटली, आणि अजून वाटते.

मग मी मिस्त्रींना घेऊन आपल्या कॉलेजात गेलो. मागचा जिना अजून तसाच आहे. भिंतीला तोच हिरवा पट्टा, शवविच्छेदनाच्या हॉलमधून येणारा तोच डोळ्यांत झोंबणारा वास. आपण संध्याकाळी वरच्या टोकाला ओळीने बसायचो आणि सातव्या पायरीवर कोण धडपडतो यावर पैजा लावायचो, आठवतं? हरणाऱ्याने दुसऱ्या दिवशी सरांच्या वॉर्डातल्या फेरीत सगळ्यांच्या पुढे उभं राहायचं. तू इतक्यांदा हरलास की सरांना तू हुशार वाटायला लागलास, आणि त्या भरवशावर पुढे अध्यक्षही झालास. आणि तिथेच एकदा ती हातात कवटी घेऊन वर येत होती. तिचा पाय चुकला, कवटी माझ्या दिशेने आली आणि मागोमाग ती. (मी कवटी झेलली, तिला नाही. हे तिने मला पुढे संसाराची एकतीस वर्षं ऐकवलं.) तिला जाऊन आता सहा वर्षं झाली. मिस्त्रींनी सातवी पायरी मोजली: दीड बोट उंच. मी म्हटलं, ही एवढी दुरुस्तीच्या यादीत घेऊ नका. त्यांनी कारण विचारलं, मी सांगितलं. ते बराच वेळ टेप उलगडत गुंडाळत राहिले. मग म्हणाले, "घ्यायला हवी, डॉक्टर. सगळ्यांच्या पुढ्यात कुणी बसलेलं नसतं." मी स्वतःच्या हाताने ती यादीत लिहिली.

राहता राहिले अहवाल. 'कठडा दोन्ही बाजूंना व पायऱ्या एकाच उंचीच्या असाव्यात, याबाबत समाधानकारक प्रगती' हे माझं वाक्य आपल्या वार्षिक पुस्तिकेत 'गोंगाट नियंत्रण' या मथळ्याखाली चार वर्षं छापलं गेलं, सर्वसाधारण सभेने चारही वर्षं टाळ्या वाजवून मंजूर केलं, आणि गेली दोन वर्षं त्याखाली अध्यक्ष म्हणून तुझी सही आहे. हे मी धमकी म्हणून सांगत नाही. (थोडंसं सांगतो.)

आता परिस्थिती अशी. येत्या गुरुवारी पायऱ्यांच्या समितीची अखेरची बैठक आहे. नियमांचा मसुदा तयार आहे, त्यावर सगळ्या सभासदांच्या सह्या हव्यात. डॉक्टरची सही नसेल तर मसुदा बाद, समिती बरखास्त, आणि नवी समिती पुन्हा पहिल्यापासून मोजत बसणार. खोली चुकल्याचं मी सचिवबाईंना तोंडी सांगितलं, तर त्या म्हणतात की मला त्या समितीवर कुणी नेमलेलंच नाही, तेव्हा मी तिथे पाऊल ठेवायचं नाही. संघटना यथावकाश योग्य माणूस पाठवील. यथावकाश म्हणजे किती, हे त्या सहा वर्षांच्या कोऱ्या रकान्यावरून तूच ठरव. पण नियम तो नियम. मी वाद घालणार नाही. चूक झाली, अनवधानाने झाली, राजीनामा सोबत जोडला आहे. गुरुवारी मी घरी बसून कपाट आवरीन. वहिनींना त्यांची दोन पुस्तकं माझ्याकडे आहेत म्हणून सांग, आणि तू मीठ कमी कर.

तुझा जुना खोलीसोबती

ता. क. पाकिटात राजीनामा सापडला नाही तर शोधत बसू नकोस. लिहिलेलाच नाही. त्याऐवजी तू मला एका ओळीचं पत्र पाठव, की संघटना मला पायऱ्यांच्या समितीवर नेमते. अध्यक्ष एकट्याच्या सहीने तसं करू शकतो, मी आपली घटना वाचून पाहिली. (वाचणारा मी पहिलाच असणार, पानं अजून न कापता जोडलेलीच होती.)

ता. क. २. 'अनवधानाने' हेही खरं नाही. दुसऱ्याच बैठकीला माझ्या लक्षात आलं होतं की खोली चुकली. गोंगाटवाले समोरच्या दाराआड होते, आवाज ऐकू येत होता. मी दाराच्या मुठीला हातही लावला. पण इकडे आत इंजिनिअर विचारत होते, "डॉक्टर अजून कसे आले नाहीत?" आणि बाई म्हणाल्या, "येतील, थांबू या." हेडमास्तर, ती गेल्यापासून माझ्यासाठी कुणी थांबलं नव्हतं. मी मूठ सोडली आणि इकडे येऊन बसलो.

ता. क. ३. हे सगळं मी फोनवर सांगू शकलो असतो. पण फोनवर तू 'नाही' म्हणाला असतास, आणि तुझं 'नाही' कानाने ऐकल्यावर मला जाववलं नसतं. म्हणून साध्या टपालाने पाठवतोय. ते शनिवारच्या आत तुझ्या हातात पडत नाही. म्हणजे तू हे वाचशील तोवर माझी सही होऊन गेलेली असेल. नेमणुकीच्या पत्रावर तेवढी बुधवारची तारीख घाल.