दोन महानगरांच्या भुयारी गाड्या आणि माझ्या पश्चात एक प्रवासी

मालमत्तेकडे वळण्यापूर्वी एक गाऱ्हाणे नोंदवून ठेवतो. आमच्या शहराच्या भुयारी रेल्वेने डब्यातले धरायचे पट्टे चार बोटे वर नेले आहेत. मजसारख्या वामनमूर्तीला आता त्यांना फक्त नमस्कार करता येतो. हा मजकूर मृत्युपत्रात बसत नसल्यास वकीलसाहेबांनी डोळेझाक करावी.

मी, वय वर्षे छप्पन्न, व्यवसाय वार्ताहर, हे सारे स्वखुशीने व पूर्ण शुद्धीत लिहीत आहे. येत्या आठवड्यात माझ्या हृदयाची शस्त्रक्रिया आहे. सर्जन म्हणाले, "काळजीचं काही कारण नाही." तेव्हापासून मी काळजीत आहे.

१. तिसऱ्या मजल्यावरचे राहते घर व बँकेतील सर्व ठेवी माझ्या पत्नीच्या एकटीच्या. तिची नजर मंदावत चालली आहे. कडेचे दिसते, मधले दिसत नाही. घर ठेवावे की विकावे हे तिनेच ठरवावे. माझा सल्ला कलम ३ मध्ये आहे.

२. संस्कृत कोशाचे सर्व खंड आमच्या मुद्रितशोधकाला. माझ्या बातम्यांतले समास तो आयुष्यभर फोडत आला. आता मूळ मालच त्याच्या हवाली.

३. पत्नीच्या धाकट्या भावाला मी आमचा वाद देतो. तो दुसऱ्या महानगरात राहतो. कोणाची भुयारी रेल्वे श्रेष्ठ, यावर आम्ही दर भेटीत भांडलो. आमच्याकडे एकाच तिकिटात शहराच्या या टोकाहून त्या टोकाला जाता येते, गाडीपाठोपाठ गाडी असते, आणि कोणी जिन्यावरून धावत येताना दिसले की गार्ड दार धरून ठेवतो. डबा खडखडतो आणि उकडतो, हे मान्य. त्याच्याकडे थंडगार डबे, मऊ आसने, आणि अंतराप्रमाणे भाडे, ते आमच्या तिप्पट.

"भाऊजी, तुमच्या गाडीतून उतरलं की हाडं जागेवर आहेत का ते बघावं लागतं."

"तुझ्या गाडीतून उतरलं की पाकीट बघावं लागतं. तेही चोर नसताना."

गेल्या हिवाळ्यात आम्ही त्याच्याकडे गेलो होतो. ही डब्यात चढली. तिचा हातमोजा फलाटावर पडला, तो उचलायला मी सावकाश वाकलो, गार्ड दार धरील या घरच्या भरवशावर. तिथे गार्डच नव्हता. दारे मिटली आणि गाडी हिला घेऊन गेली.

फलाटावरच्या कर्मचारी बाईंना मी गाठले. "तिला नीट दिसत नाही हो," एवढेच तोंडातून निघाले.

"काका, पुढच्या स्टेशनला आमचा माणूस उभा राहील. तुम्ही मागच्या गाडीनं या," त्या म्हणाल्या आणि फोन उचलला.

मी पोचलो तेव्हा ही त्या माणसाशेजारी बाकावर बसून त्याचे लग्न अजून का जमले नाही, याची चौकशी करत होती. मला म्हणाली, "अहो, होतात कुठे इतका वेळ?"

त्यानंतर तिथे ती रोज एकटी फिरली. फरशीवरची उंचवट्याची पट्टी पायाने चाचपत, स्थानकांची घोषणा ऐकत, लिफ्टने वर. संध्याकाळी येऊन मला शहराची वर्णने सांगायची. वार्ताहर मी, आणि बातम्या तिच्याकडे.

सबब, श्रेष्ठत्व मी मेहुण्याच्या रेल्वेला बहाल करतो. तिप्पट भाडे रास्त आहे. शस्त्रक्रिया यशस्वी झाल्यास हे कलम त्याच्या कानावर जाता कामा नये. पत्नीने तिकडे, स्थानकाजवळ घर घ्यावे, हा माझा सल्ला. सक्ती नाही, सक्ती तिने कधी मानलेली नाही.

साक्षीदार: शेजारचे दंतवैद्य (सही), आमच्या वर्तमानपत्राच्या छायाचित्रकार बाई (सही).
ठिकाण: आमच्या स्वयंपाकघरातले टेबल.
दिनांक: शस्त्रक्रियेआधीचा रविवार.
लिहून ठेवणार: (सही)

साक्षीदारांसमोरच घातलेली भर: परत आल्यापासून ही इथे एकदाही एकटी बाहेर पडलेली नाही. माझा दंड धरूनच निघते. मी नसलो तर ती दारापर्यंत येईल आणि पुन्हा आत जाऊन बसेल, याची मला भीती वाटते.