धानपरीचा शेवट

माय, तुला वाचता येत नव्हतं हे ठाऊक असून तुलाच लिहायला बसले आहे. गेला महिना ज्या गोष्टीनं माझं डोकं खाल्लं ती गोष्ट तुझी आहे, तेव्हा गाऱ्हाणंही तूच ऐक. धानाच्या लोंबीतून निघालेली पोरगी, तिला बोडीच्या तळ्यात ढकलणारी चेटकीण, तिचं पाण्यात झालेलं कमळ, तिला शोधत फिरणारा राजपुत्र, हे सगळं आमच्या डोक्यात भरवून तू निघून गेलीस. आणि त्याचं नाटक लिहून देते असं मी कबूल करून बसले. कोणी सांगितलं होतं मला? कोणीच नाही. हौस, दुसरं काय.

मी आता भंडाऱ्यात असते. कोर्टाजवळ माझं टायपिंगचं दुकान आहे, प्रतिज्ञापत्रं, अर्ज, भाडेकरार, असं दिवसभर लोकांचं लिहिते. आपल्या आसगावात दिवाळीनंतर मंडईची जत्रा भरते आणि रात्री नाटक होतं हे तुला सांगायला नको. नाटकातल्या बायांच्या कामांना बाया बाहेरून आणायच्या हेही तुझ्या वेळेपासून चालत आलं. गावची पोरगी स्टेजवर चढली तर तिचं लग्न कसं जमेल याची चिंता सगळ्या गावाला. यंदा आपल्या शेजारची माझी मैत्रीण गावच्या नाटक मंडळाशी भांडली. ती आता अंगणवाडीत सेविका आहे, आणि आवाज अजून तसाच, पार वेशीपर्यंत जाणारा. मंडईच्या दिवशी दुपारी गावातल्या मुलींचं नाटक होईल, असं तिनं कबूल करून घेतलं. मंडळाची अट एकच, दसऱ्याच्या आत पूर्ण लिहिलेलं नाटक हातात पाहिजे, नाहीतर त्या वेळेत डान्स पार्टी. मंडळाच्या 'पुढच्या वर्षी पाहू' या बोलण्याचा अर्थ मला आणि तिला दोघींनाही कळतो. पुढच्या वर्षी यातल्या कितीतरी मुली सासरी गेलेल्या असतील.

"तू तं दिवसभर टायपतच राहते, तुले काय जड हाये?" ती म्हणाली. मलाही तसंच वाटलं होतं. लोकांचं टाइप करणं आणि आपलं लिहिणं यात किती फरक असतो ते पहिल्याच दिवशी कळलं. नवी वही आणली, पेन आणला, उदबत्ती लावली. पहिलं पान झकास झालं. म्हातारी खळ्यावर धान पाखडते आहे, लोंबीतून आवाज येतो, 'आई, हळू पाखड.' दुसऱ्या दिवशी तेच पान सुधारलं, तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मग मोबाईलवर एक साहेब रोज सकाळी उत्साह वाढवायला येतात, त्यांचं ऐकायला लागले. ते म्हणतात, स्वतःवर विश्वास ठेवा. ठेवला बाप्पा! विश्वास ठेवून मी भांडी घासली, कपाट आवरलं, पडदे धुतले. नवरा म्हणाला, "घर चांगलं चमकून राहिलं, नाटक लिहिणं असंच चालू ठेव." मी त्याच्याशी दिवसभर बोलले नाही.

मैत्रिणीचा रोज फोन. "झालं का वं?"

"होऊन राहिलं."

"कवाचं होऊनच राहिलं! नाटक हाये का बाळंतपण? इकडे पोट्ट्या पहिलं पान पाठ करून बसल्या. म्हातारीचं काम करणारी तं आतापासूनच कमरेत वाकून चालते. तिची माय मले विचारते, पोरीले काय झालं."

हसले, पण फोन ठेवल्यावर वही उघडून तशीच मिटली. कारण मी अडले होते ते उत्साहाअभावी नाही. मला शेवटच माहीत नव्हता. पोरीचं कमळ होतं, ते बोडीच्या मधोमध उभं राहतं, आणि पुढं माझ्या आठवणीत काहीच नाही. किती ताणलं तरी नाही. ज्याचा शेवट माहीत नाही त्याचं मधलं तरी कसं लिहू, एवढं कारण पुढं करून मी रोज वहीवरून उठत होते.

भावाला फोन लावला. तो धानाच्या बांधावर होता. म्हणाला, "शेवट? अस्वल येते ना! अस्वल पानी पिऊन टाकते पुरं, अन् कमळ कोरड्यात येते. इसरली काय?" मी म्हटलं अस्वल नव्हतंच त्यात. तो चिडला. "मी मायच्या मांडीवर झोपून आयकलं, अन् तू मले शिकवते?" मग मैत्रिणीला विचारलं. तीही लहानपणी आपल्याच ओसरीवर असायची, तुझ्या हाताखाली बिड्यांना धागे बांधायला. तिच्या गोष्टीत पोरगी म्हशीचं शेपूट धरून स्वतःच बाहेर येते. अस्वल नाही, राजपुत्र नाही, म्हैस. आम्ही तिघं एकाच ओसरीवर बसून तीन गोष्टी ऐकून आलो होतो. मी रडकुंडीला येऊन म्हटलं, आता खरी कोणती? तर ती फोनवरच मोठ्यांदा हसली. "अवं, तुही माय कायले शेवट ठरवून सांगते? पानं संपली का गोष्ट संपली. सूप भरून पानं असली तं जंगलामागून जंगल येत होतं, आठव."

आणि मला सगळं दिसलं माय. दुपारची ओसरी, भिजवून कापलेली तेंदूपानं तुझ्या मांडीवरच्या सुपात, तंबाखूचा तो नाकात बसलेला वास. तू पान उचलतेस, तंबाखू भरतेस, वळतेस, आमच्याकडं टाकतेस, आम्ही धागा बांधतो, आणि हे सगळं होत असताना पोरगी जंगलात चालते आहे. कारखान्याचा माणूस संध्याकाळी माल घ्यायला येणार आणि सैल वळलेली बिडी बाजूला काढून टाकणार, म्हणून तुझी नजर हातावर आणि तोंड गोष्टीत. पानं जास्त असली की पोरीला आणखी एक नदी लागायची. एकदा मी म्हटलं होतं, काल तं नदी नव्हती. तू मान वर न करता झापलंस, "तुले गोष्ट पायजे का खरं पायजे? धागा बांध." मी तेव्हा फुगून बसले होते. पाठीत तुझ्या कळ यायची, मधूनच खोकल्याची उबळ यायची, तू भिंतीला टेकून दम घ्यायचीस आणि पुढचं वाक्य तिथूनच उचलायचीस. त्याच खोकल्यानं तुला नेलं, मी बारावीत होते. तुझ्या बिड्या मला आठवतात, तुझ्या गोष्टी आठवतात, पण त्या एकाच कामाच्या होत्या हे मला आत्ता, या वयात कळलं. कोणती गोष्ट कुठं जाणार हे ठरवून तू कधी बसलीच नाहीस. तू पानं घेऊन बसायचीस.

दुसऱ्या दिवसापासून मी वही बंद करून ठेवली. दुकानात बिघडलेल्या प्रिंटचे कागद पडून असतात, एका बाजूनं कोरे. त्यातला एक गठ्ठा सकाळी काउंटरवर घ्यायचा आणि तो संपेपर्यंत खुर्ची सोडायची नाही. वाईट लिहिलं तरी चालेल, पण कागद रिकामा ठेवायचा नाही. सुचलं नाही तर पोरीपुढं जंगल. तरी सुचलं नाही तर नदी. मध्ये कोणी भाडेकरार घेऊन आला की तो टाइप करून द्यायचा आणि अडलेलं वाक्य तिथूनच उचलायचं. एक म्हातारे वकीलसाहेब विचारतात, काय लिहून राहिली एवढं? मी म्हणते, चेटकिणीचा जबाब. ते खुर्ची ओढून बसतात. "तिची बाजू कोणी मांडली का?" मला जाम आवडलं ते. चेटकिणीला एक मोठं भाषण देऊन टाकलं. कधी कधी अख्खा गठ्ठा फेकण्यालायक निघतो, कधी मधलं एकच पान कामाचं. पण रोज निघतं काहीतरी. उत्साहबित्साह काही आला नाही बरं का. तो आला असेल तर मी खाली मान घालून बसलेली असताना मागून आला असेल, मला दिसला नाही.

असं करत नवरात्रात चेटकीण मेली, राजपुत्र वाजतगाजत बोडीवर आला. त्यानं कमळाला हाका मारल्या, शेला दाखवला, राज्य देऊ केलं. कमळ हललं नाही. शेवटचे थोडे कागद उरले होते. अस्वल आणू का म्हैस आणू, विचार करत बसले आणि हातानं भलतंच लिहिलं. राजपुत्र थकून काठावर बसतो. तेवढ्यात ती म्हातारी येते, जिनं पोरीला लोंबीतून काढलं होतं. ती रडत नाही, नवस बोलत नाही. संध्याकाळी खेळात रमलेल्या पोरीला हाक मारावी तशी कमरेवर हात ठेवून हाक मारते, "चाल वं घरी, भात थंडा होऊन राहिला." आणि पोरगी पाण्यातून उठते, फ्रॉक झटकते आणि तिच्या मागं चालायला लागते. बस, पडदा.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी एसटीनं आसगावला गेले. रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी धान पिवळा पडायला लागला होता. अंगणवाडीत सगळ्या मुली सतरंजीवर बसल्या, मंडळाचे दोघं दाराशी खुर्च्या टाकून, भाऊ शेतावरून तसाच चिखलाच्या पायांनी आलेला. मैत्रिणीनं वाचलं, सगळे आवाज काढून. चेटकिणीच्या भाषणाला टाळ्या पडल्या. मंडळवाल्यांनी एकमेकांकडं पाहिलं आणि एकजण म्हणाला, "दुपारी कायले ठेवता? ऊन राहते. दिवे लागल्यावर ठेवा, आमच्या नाटकाच्या आधी." मुलींनी जो ओरडा केला तो पार वेशीपर्यंत गेला असेल. म्हातारीचं काम करणारी पोरगी आनंदानं सरळ उभी राहिली, पहिल्यांदाच बहुतेक.

सगळे पांगल्यावर भाऊ तिथंच दाराशी उभा होता. डोळे लाल. मला वाटलं आता अस्वलावरून भांडण काढतो. म्हणाला, "ताई, तुलेच बराबर आठवलं. हाव, असंच सांगत होती माय. 'चाल वं घरी.' मी कसा काय इसरलो बे?"

मी त्याला सांगणार होते की हा शेवट तुझा नाही, माझा आहे, भाडेकराराच्या मागच्या कोऱ्या बाजूवर मागच्या आठवड्यात लिहिलेला. तोंड उघडलंही होतं. मग म्हटलं, "हाव, असंच सांगत होती." तो डोळे पुसून हसला आणि शेताकडं गेला. त्याला खरं सांगायची माझी इच्छा नाही, आणि तुला हे मोठ्यानं वाचून दाखवायची सोय नाही, म्हणून हा कागदही इथंच राहील. पण माय, काल रात्रीपासून मलाही तुझ्याच आवाजात ऐकू येतंय ते.